लफ्फेदार अक्षराची नक्कल

लग्नसराईत घरोघर जमा होणाऱ्या पत्रिकांपैकी एखादी इंग्रजीत छापलेली पत्रिका हाती घ्यावी आणि वधूवरांची नावे, मुहूर्त व कार्यालयाचा पत्ता वाचून झाल्यावरही ती लगेच बाजूला न ठेवता नावांच्या अक्षरांकडेच क्षणभर निरखून पाहावे, म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. उजवीकडे किंचित कललेली, केसासारख्या बारीक रेघांनी एकमेकांना सांधलेली, खाली उतरताना पुष्ट आणि वर चढताना कृश होणारी ती अक्षरे पाहून प्रथमदर्शनी असे वाटते की, कोणा वळणदार हाताच्या गृहस्थाने टाक दौतीत बुडवून सावकाशीने ती लिहिली असावीत. परंतु नावात एकच अक्षर दोनदा आले असेल, आणि विशेषतः ते लागोपाठ आले असेल, तर ती दोन्ही अक्षरे परस्परांशी इतकी तंतोतंत जुळतात की, एकावर दुसरे ठेवले असता कोठेही रेघ बाहेर डोकावू नये. माणसाच्या हाताला हे साधत नाही. ‘ममता’ हे नाव आपण कितीही जपून लिहिले तरी पहिला म आणि दुसरा म हे सख्खे भाऊ दिसतात. पत्रिकेवरची अक्षरे मात्र एकाच माणसाच्या एकाच छायाचित्राच्या दोन प्रती असतात, आणि नक्कल तेथेच पकडली जाते.

हस्ताक्षराची ही नक्कल करणाऱ्या टाइपाला मुद्रणव्यवसायात ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. त्यात अनेक जाती आहेत, पण येथे आपल्याला कर्तव्य आहे ते त्यांतल्या नाजूक, लफ्फेदार, सोयऱ्याधायऱ्यांत मिरवणाऱ्या जातीशी. तिचे रूप सर्वांच्या परिचयाचे असले, तरी ते साधण्यासाठी टाइप घडवणाऱ्यांना अडीच-तीन शतके किती यातायात करावी लागली याची वार्ता सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. यातायातीचे मूळ असे की, मुद्रणाची सारी करामत अक्षर सुटे करण्यात आहे, तर धावत्या लेखनाची सारी गोडी अक्षर न सुटण्यात आहे. हाताने लिहिणाऱ्याला पुढचे अक्षर कोणते हे ठाऊक असते, म्हणून चालू अक्षर संपवतानाच तो लेखणी पुढच्याच्या दिशेने वळवतो. खिळ्यांच्या पेटीत पडून राहिलेल्या अक्षराला मात्र उद्या आपल्या शेजारी कोण येऊन बसणार याची काहीच कल्पना नसते, आणि जो येईल त्याच्याशी सलोख्याने नांदण्याची तयारी त्याने आगाऊ ठेवायची असते.

ज्या वळणाची ही नक्कल, ते वळण इंग्लंडातले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनचा व्यापार जसजसा वाढत गेला, तसतशी हिशेबाच्या वह्या, हुंड्या, पावत्या आणि पत्रव्यवहार झपाट्याने पण सुवाच्य लिहिणाऱ्या कारकुनांची गरज वाढली, आणि त्यांना तयार करणाऱ्या लेखनशिक्षकांचा एक प्रतिष्ठित वर्गच उदयास आला. हे शिक्षक आपापले कित्ते प्रसिद्ध करीत. पण हाताचे वळण सुट्या खिळ्यांतून छापणे शक्य नसल्यामुळे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून घ्यावे लागत. कोरणीने पत्र्यात बारीक खाच पाडायची, तिच्यात शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागद रुळाखाली दाबून खाचेतली शाई त्यावर उचलून घ्यायची, अशी ती रीत होती. हिच्यावरूनच त्या वळणाला ‘कॉपरप्लेट’ हे नाव पडले. शब्दशः तर्जुमा करू गेल्यास ‘ताम्रपट’ होईल. परंतु शिलाहार-राष्ट्रकूटांच्या दानपत्रांशी त्याचे काही नाते आहे असे मात्र कोणी समजू नये. या कित्त्यांचा मेरुमणी म्हणजे जॉर्ज बिकम याचा ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा ग्रंथ. 1733 पासून 1741 पर्यंत तो भागाभागाने निघत राहिला आणि त्यात पंचवीस लेखनशिक्षकांची वळणे दोनशेबारा पत्र्यांवर कोरलेली आहेत. बिकम स्वतः कोरक्या होता, आणि यातच एक गंमत दडलेली आहे. कोरणीची रेघ पिसाच्या लेखणीपेक्षा स्वभावतःच अधिक बारीक, अधिक नितळ. तेव्हा कोरक्याने लेखणीची नक्कल केली, ती करताना नकळत तिला सुधारले, आणि पुढे दोन पिढ्या विद्यार्थी ते छापील कित्ते समोर ठेवून हातातल्या लेखणीला कोरणीची सफाई शिकवीत राहिले. आज ज्याला आपण शुद्ध हस्ताक्षर समजतो, त्याच्या जन्मातच अशी नकलेची नक्कल मिसळलेली आहे.

या वळणाचे मर्म दाबात आहे. टोकदार आणि लवचीक लेखणी वर नेताना हलकी धरली की रेघ केसाएवढी उमटते, आणि खाली आणताना किंचित दाबली की टोकाचे दोन फाटे विलग होऊन रेघ फुगते. बोरूचे गणित याहून निराळे. तेथे जाड-बारीकपणा दाबातून निघत नाही, टोकाला दिलेल्या तिरप्या कतातून निघतो. हात कोणत्या दिशेला गेला एवढ्यावरच रेघेची रुंदी ठरते. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

कंपनी सरकारच्या कचेऱ्यांतून आणि मागाहून शाळांतून हेच झुकते वळण आपल्याकडेही आले. इंग्रजीची चाररेघी वही पुढ्यात घेऊन, वरच्या रेघेला टेकणारी आणि खालच्या रेघेपर्यंत उतरणारी अक्षरे न तोडता गिरवण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ते निराळे सांगायला नको. अमेरिकेत त्याचेच एक भावंड स्पेन्सर नावाच्या शिक्षकाच्या नावाने रुजले. 1886 साली अटलांटा शहरी पेम्बर्टन नामक औषधी बनवणाऱ्या गृहस्थाने एक नवे पेय सिद्ध केले, तेव्हा त्याच्याकडे हिशेब ठेवणाऱ्या फ्रँक रॉबिन्सनने त्याला नाव सुचवले आणि आपल्या वहीखात्याच्या सवयीच्या हाताने ते लिहूनही दिले. कोका-कोलाच्या बाटलीवर आज दिसते ते त्याच कुळातले अक्षर. जगातल्या बहुधा सर्वांत परिचित व्यापारचिन्हाचे पितृत्व एका जमाखर्चनिसाकडे जावे, ही गोष्ट कारकून म्हणून हिणवल्या गेलेल्या आपल्या थोरल्या पिढीला सुखावणारी आहे.

परंतु रॉबिन्सनने एकच नाव लिहिले, आणि त्यात कोणते अक्षर कोणाशेजारी येणार हे त्याला माहीत होते. टाइप घडवणाऱ्याला ती मुभा नाही. शिशाचा खिळा हा सरळ उभ्या बाजूंचा चौकोनी ठोकळा. त्यावर आडव्या रेघेशी पन्नासपंचावन्न अंशांचा कोन करणारे झुकते अक्षर बसवायचे, तर त्याचा माथा उजवीकडे आणि शेपूट डावीकडे ठोकळ्याबाहेर लोंबकळू लागते. हा लोंबता भाग शेजारच्या खिळ्यावर टेकतो आणि यंत्राच्या दाबाखाली मोडतो. ज्या केसाएवढ्या रेघेने दोन अक्षरे जुळायची, ती तर ठोकळ्याच्या अगदी काठावरच संपवावी लागते, आणि काठ जरासा झिजला की ओळीभर बारीक बारीक फटी दिसू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या फिरमँ दिदो याने तिरक्या अंगाचे खिळे ओतून, अक्षरांचे तुकडे निरनिराळे पाडून, हा पेच सोडवण्याचा मोठा चतुर प्रयत्न केला. पण असे खिळे जुळवणे म्हणजे जुळाऱ्याच्या सहनशीलतेची कसोटीच. पुढच्या शतकात, 1953 साली, मार्सेयच्या ओलिव्ह ओतशाळेसाठी रॉजे एक्स्कॉफाँ याने दक्षिण फ्रान्सच्या वाऱ्याचे नाव दिलेला ‘मिस्त्राल’ हा टाइप स्वतःच्या हस्ताक्षरावरून बेतला आणि शिशातही अक्षरे खरोखर जुळवून दाखवली; पण मिस्त्राल हा धसमुसळा, ब्रशाच्या फटकाऱ्यासारखा टाइप आहे. त्याच्या जाड रेघेत सांधा लपून जातो. केसाएवढ्या रेघेत लपायला जागा नसते.

ती जागा मिळवून दिली ती प्रकाशाने. शिशाऐवजी छायाचित्रणाच्या फितीवरून अक्षरे उमटवण्याची यंत्रे प्रचारात आली, तेव्हा अक्षराभोवतीची धातूची भिंतच नाहीशी झाली आणि एका अक्षराला दुसऱ्याच्या हद्दीत निर्वेधपणे शिरता येऊ लागले. मॅथ्यू कार्टर या इंग्रज आरेखकाने 1966 च्या सुमारास या सवलतीचा पुरेपूर उपयोग करून लायनोटाइप कंपनीसाठी ‘स्नेल राउंडहँड’ हा टाइप सिद्ध केला. तारुण्यात हॉलंडातील एका जुन्या ओतशाळेत पोलादी ठसे हाताने कापण्याची मरणोन्मुख विद्या शिकलेल्या माणसानेच धातूच्या बंधनातून सुटलेला हा टाइप द्यावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो, कारण बंधन कोठे टोचते हे त्याला बोटांनी ठाऊक होते. ज्या चार्ल्स स्नेलचे नाव त्याने घेतले, तो सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीवरचा लंडनचा लेखनशिक्षक. अक्षरांभोवती पशुपक्ष्यांच्या आकृत्या गुंफणाऱ्या समव्यवसायी मंडळींविषयी त्याला तिटकारा होता. कार्टरच्या टाइपातही तो संयम उतरला आहे. त्याचे लफ्फे मोजके आहेत, आणि सांधे शोधू गेले तरी सहसा सापडत नाहीत. (याच कार्टरने पुढे लायनोटाइपसाठी देवनागरीही रेखाटली, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

याहून विलक्षण हकिकत हेरमान झाप्फ या जर्मन सुलेखनकाराची. दुसऱ्या महायुद्धात सैन्यातला नकाशे काढणारा म्हणून तो फ्रान्सात होता, आणि तेथे 1944 साली आपल्या खिशातल्या वहीत त्याने एका वर्णमालेचे पान लिहिले. युद्ध संपल्यावर, 1948 साली, स्टेम्पेल ओतशाळेसाठी त्याने धातूत सुलेखनाचा टाइप उतरवण्याचा यत्न केला. पण खिळ्याच्या चौकटीपुढे लफ्फ्यांना हात आखडून घ्यावे लागले आणि जे निघाले त्याने त्याचे समाधान झाले नाही. वहीतले ते पान जवळजवळ अर्धशतक तसेच राहिले. अखेर संगणकाच्या साह्याने, काही सहकारी मध्येच गळाल्यामुळे रखडत रखडत, 1998 मध्ये लायनोटाइपने ते ‘झाप्फिनो’ या नावाने प्रसिद्ध केले, तेव्हा एकेका अक्षराची अनेक रूपे त्यात होती, आणि लेखणीचे फराटे ओळीच्या वरखाली इतके दूरवर जात होते की दोन ओळींमध्ये नेहमीच्या दुप्पट जागा सोडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्यावेळी झाप्फ ऐंशी वर्षांचा होता.

झाप्फिनोने जे केले त्यामागची युक्ती आता सार्वत्रिक झाली आहे. 1996 साली मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या दोन कंपन्यांनी ‘ओपनटाइप’ नावाची जी व्यवस्था जाहीर केली, तिच्या योगाने फाँटमध्ये केवळ अक्षरांच्या आकृत्याच नव्हे, तर त्यांच्यासाठी हुकूमही साठवता येऊ लागले: अमुक अक्षर शब्दाच्या आरंभी आले तर हे रूप, शेवटी आले तर शेपटाचे ते रूप, आणि तेच अक्षर लागोपाठ दोनदा आले तर दुसऱ्या खेपेस जरासे निराळे रूप. खिळ्याच्या पेटीतले अंध अक्षर आता शेजारी कोण हे विचारून मगच पोशाख चढवते. बिकमच्या जुन्या ग्रंथावरूनच रिचर्ड लिप्टन याने रेखाटलेला ‘बिकम स्क्रिप्ट’ हा फाँट याचे उत्तम उदाहरण होय; त्यात लेखणीचा हात फिरल्याचा आभास इतका सफाईदार आहे की, आरंभी सांगितलेली नक्कल पकडण्याची माझी युक्तीही तेथे पुष्कळदा फसते.

साधन इतके सुलभ झाले की त्याचा अतिरेक होणारच. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या सत्कारसमारंभात सन्मानपत्र वाचण्याची कामगिरी माझ्याकडे आली. रेशमी कापडावर सोनेरी शाईने, आरंभापासून अखेरपर्यंत, झुकत्या नाजूक इंग्रजी अक्षरांत छापलेले ते पत्र दुरून अतिशय देखणे दिसत होते. पण सत्कारमूर्तींचे नाव ठसठशीत व्हावे म्हणून ते सबंध मोठ्या लिपीतल्या अक्षरांत, म्हणजे ओळीने सगळी कॅपिटल अक्षरे लावून, छापण्याचा मोह आरेखकाला आवरला नव्हता. या टाइपातले प्रत्येक कॅपिटल अक्षर शब्दाचे यजमानपद भूषवण्यासाठी घडवलेले असते. त्याचा लफ्फा पुढच्या लहान अक्षरांवर छत्र धरण्यासाठी पसरलेला असतो. अशी दहाबारा अक्षरे लागोपाठ उभी केली, म्हणजे सगळेच अध्यक्षीय भाषणाला उठल्यासारखे होते आणि कोणाचेच ऐकू येत नाही. मी ज्यांना मान्यवर म्हणून ओळखत होतो त्यांचे नावही मला तीन ठिकाणी अडखळत वाचावे लागले, आणि ते सद्गृहस्थ समंजस होते म्हणून प्रसंग निभावला.

या टाइपाचा उपयोग करू इच्छिणाऱ्याने म्हणून प्रथम हे मनाशी ठरवावे की, आपल्याला वाचकाने तो मजकूर वाचायला हवा आहे की नुसता पाहायला. दोन नावे, एखादे शीर्षक, अत्तराच्या कुपीवरचा एक शब्द, ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेची एक ओळ, एवढ्यापुरतेच हे अक्षर शोभते. तिथी, वेळ आणि पत्ता यांसाठी सरळ उभा, साधा टाइपच पाहिजे, आणि तो जितका साधा तितका त्याच्या शेजारी हा लफ्फेदार पाहुणा खुलतो. दोन लफ्फेदार टाइप एका पानावर कधी आणू नयेत. ओळ भरून काढण्यासाठी अक्षरांत अंतर पाडण्याची जी सवय संगणकावर काम करणाऱ्यांना असते, ती येथे घातक ठरते, कारण अंतर पडताच सांधे निखळतात आणि शतकांच्या मेहनतीने लपवलेली ती फट पुन्हा उघडी पडते.

छपाईचाही विचार हवा. वर्तमानपत्री कागद शाई शोषून घेतो, त्यामुळे केसाएवढी रेघ फिसकटते. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर सोडले तर चहूकडून शाई सरकून रेघ बुजते. आणि अनेक रंगांच्या मिश्रणाने ते छापले, तर रंग एकमेकांवर रतिभर जरी सरकले तरी अक्षराभोवती रंगीत साय धरते. म्हणून नाजूक अक्षर एकाच सबंध रंगात, गुळगुळीत आणि भरीव कागदावर, आणि पुरेशा मोठ्या आकारात छापावे. सोनेरी वर्खाचा ठसा मारायचा असेल, तर ठसा करणाऱ्याला रेघेची कमीत कमी जाडी आधी विचारून घ्यावी. तो जे सांगेल ते निमूटपणे मान्य करावे. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हे अक्षर लहान आकारात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. शिवाय वाचकही बदलत आहे. अमेरिकेत 2010 साली आखलेल्या सामाईक अभ्यासक्रमात जोडून लिहिण्याला स्थान नव्हते, आणि कॅलिफोर्निया राज्याला 2023 मध्ये कायदा करून ते परत आणावे लागले. मधल्या पिढीतल्या अनेकांना हे वळण वाचणेच जड जाते.

मराठीत हे अक्षर आणायचे झाले म्हणजे काय होते? पुष्कळ आरेखक देवनागरी अक्षर उजवीकडे झुकवतात, त्याची उभी रेघ बारीक करतात, शेवटी एक लफ्फा जोडतात आणि समाधान मानतात. पण देवनागरीचे जाड-बारीकपण कताच्या बोरूचे आहे, आणि आपला कतही रोमन लेखणीच्या उलट दिशेने कापलेला. दाबाच्या लेखणीची रेघ तिच्यावर लादली, की अक्षर परक्याच्या कोटात अवघडल्यासारखे दिसते. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘कलम’ किंवा ‘तिल्लाना’ यांसारख्या फाँटांनी हा परका कोट न चढवता निराळी वाट धरली, ती मला अधिक प्रामाणिक वाटते. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी हयातभर नाटकागणिक नवे अक्षर काढले, त्यातली धाव तर कोणत्याच फाँटात येणार नाही, कारण ते रॉबिन्सनप्रमाणेच एका नावापुरते, शेजारी पाहून काढलेले अक्षर होते.

आणि खरे पाहता आपल्याकडे धावती लिपी होतीच. हेमाडपंताशी परंपरेने जोडलेली मोडी ही कारकुनाच्या वेगासाठीच वळलेली लिपी. दफ्तरांतले लाखो कागद तिच्यात आहेत. ती छापण्याचा यत्नही फार जुना आहे. विल्यम केरीचा मराठी कोश 1810 साली बंगालमधील सेरामपूरच्या छापखान्यात मोडीच्या खिळ्यांनीच छापला गेला. पण त्या पानावर अक्षरे ओळीने उभी राहिलेली दिसतात, धावताना दिसत नाहीत. त्यापेक्षा मुंबईच्या शिळाप्रेसांनी हाताने लिहिलेले पान दगडावर उतरवून जसेच्या तसे छापण्याची जी सोय केली, ती हस्ताक्षराच्या जास्त इमानाची होती. 2014 साली युनिकोडमध्ये मोडीला स्वतःचे घर मिळाले, आणि आता तिचे फाँटही होऊ लागले आहेत.

मात्र मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत शिरोरेषा आखून घेई आणि मग त्या एका अखंड रेषेखाली शब्दही न तोडता अक्षरे लटकवीत जाई. संगणकात क्रम उलटा आहे. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा स्वतःच बगलेत घेऊन येते, आणि दोन तुकड्यांमधली फट डोळ्याला दिसू नये म्हणून आरेखक तो तुकडा केसभर लांब ठेवतो, एवढा की त्याचे टोक शेजारच्या अक्षराच्या हद्दीत गुपचूप शिरलेले असते.